आधीचे तीस सेकंद

विषय क्रमांक चौदा.
त्याआधी तेरा झाले: बर्फ काढायच्या गाडीचे टायर,
सहाव्या वॉर्डातलं बंद कारंजं,
आणि कुणाच्या तरी कुत्र्यावरून वीस मिनिटं.
मी मागच्या रांगेत, ओले बूट बाकाखाली सरकवून.
बुटांवर रस्त्यातल्या मिठाची पांढरी रेघ.

चौदा म्हणजे आमच्या खात्याचा विषय.
छातीवरचे जुने कॅमेरे जाऊन नवे, तीनशे बारा नग,
साठवणुकीचं भाडं वेगळं.
नव्याचे नऊ दिवस, करार पाच वर्षांचा.
नगरसेवक शिमचाक चष्मा कपाळावर ढकलतात:
"म्हणजे यंदाही शनिवारी वाचनालय बंदच ना?"
वित्त विभागाचा माणूस पाण्याचा घोट घेतो.
घोट बराच लांबतो.

माझं काम तळघरात.
पोलिसांच्या छातीवरून जे येतं ते मी पाहते
आणि नियमाप्रमाणे पुसते:
लहान मुलं, गाड्यांचे नंबर,
औषधाच्या बाटल्यांवरची नावं,
नुसतीच घरात उभी असलेली माणसं.
चौकोन ओढायचा, चेहऱ्यावर ठेवायचा,
चेहरा हलला की चौकोन हलवायचा.
अकरा वर्षं झाली.
आता दुकानात कुणी समोर आलं
तरी मी आधी त्याच्या कडा शोधते.

कंपनीचा माणूस ब्रेंट, पोरगेलासा,
कॅमेरा लावूनच आलेला.
"बटण दाबायच्या आधीचे तीस सेकंदसुद्धा ह्याला आठवतात," म्हणतो,
"फक्त आवाज नसतो."
जुन्यांना थंडी बाधायची.
पारा शून्याखाली गेला की भर प्रसंगात डोळे मिटायचे.
हे तो म्हणत नाही. हे मला माहीत.

मग लोकांची पाळी. प्रत्येकी तीन मिनिटं.
"लव्हॉन टीग. हॅझल स्ट्रीट."
माझी मान आपोआप वर झाली.
चेहरा ओळखीचा नव्हता. असणार कसा?
चार वर्षांपूर्वी मीच तो धुक्यात घातला होता,
नऊ मिनिटं चौदा सेकंद, चौकट चौकट करून.
पण आवाज पुसायचा नियम नव्हता.
"त्या कानाने ऐकू येत नाही त्याला! त्या कानाने नाही!"
स्वयंपाकघराच्या दारातून, भावासाठी.
पुढे काय झालं ते चित्रात नाही.
बॅटरी संपली.

आज ती ओरडत नाही.
कागदाची घडी उलगडते, वाचत मात्र नाही.
"घ्या की नवे. माझी ना नाही.
एवढंच सांगा, ते बघतं कोण?
आणि बघितल्यावर त्या माणसाला
घरी जाऊन जेवण जातं का?"
लाल दिवा लागतो.
अध्यक्षबाई आभार मानतात.
उत्तर द्यायचं असं कुणाच्या कामात लिहिलेलं नाही,
आणि जिच्या कामात असावं
ती मागच्या रांगेत बूट न्याहाळते.

ब्रेंट घाईने बटण दाबतो.
पडद्यावर आमचीच सभा, तीस सेकंदांपूर्वीची, मुकी.
शिमचाक जांभई गिळतात.
लव्हॉन जागेवर येते, कोट चढवते,
चुकीच्या काजात बटण घालते.
आणि तिच्या पाठीमागे एक बाई, पन्नाशीची,
हात मांडीवर, तर्जनी हलतेय:
वर, आडवी, खाली, आडवी.
तो चेहरा कुणी पुसला नव्हता.
इतका उघडा मी तो
आरशातही पाहिला नव्हता.

सहा विरुद्ध तीन. मंजूर.
विषय पंधरा, पार्किंगचे मीटर.

बाहेर, दोन दारांमधल्या थंड जागेत, ती हातमोजे शोधत होती.
"तुमचं वरचं बटण चुकलंय," मी म्हटलं.
तिने सगळी काढली, पुन्हा पहिल्यापासून लावली.
मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.
सावकाश, खात्याच्या नावासकट.
बर्फाची गाडी येऊन गेली.
"तळघरात बसता?"
"हो."
"गारठत असाल."
"नाही," मी म्हटलं,
"मशिनं चालू असतात रात्रंदिवस.
ऊब असते तिथे."